आऊटबोर्ड इंजिनाचे फ्लायव्हील : खास अवजारांविना उतरविण्याची शास्त्रशुद्ध रीत

डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर लहान होड्यांच्या पिछाडीला टांगलेली आऊटबोर्ड इंजिने आता नवलाईची राहिलेली नाहीत. जाळी टाकण्यासाठी, खाडीतून ये-जा करण्यासाठी, पर्यटकांना फिरविण्यासाठी आणि पूरप्रसंगी माणसे सोडविण्यासाठी या इंजिनांचा उपयोग होतो. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातील २०१९ चा महापूर आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणला वाशिष्ठीने घातलेला वेढा यांमुळे समुद्रापासून दूरच्या गावांनाही यांत्रिक बोटींचे मोल कळून आले. ओले एव्हिन्रूड यांनी १९०९ साली अमेरिकेतील मिलवॉकी येथे आपले आऊटबोर्ड इंजिन विक्रीस आणले. त्यानंतरच्या शतकभरात या यंत्राचे स्वरूप पुष्कळ बदलले; परंतु त्याच्या माथ्यावर फिरणारे जड चाक, म्हणजेच फ्लायव्हील किंवा प्रचक्र, आजही त्याच जागी आहे.

इंजिन सुरू होईनासे झाले की दोष बहुधा इंधनात असतो किंवा ठिणगीत. ठिणगी निर्माण करणारे भाग अनेक इंजिनांत फ्लायव्हीलच्या पोटाखाली बसविलेले असतात. म्हणजे शंभर ग्रॅमचा सुटा भाग बदलण्यासाठी आधी काही किलो वजनाचे, घट्ट रुतलेले चाक उतरवावे लागते. या कामासाठी कारखाने खास पुलर देतात. पण तो प्रत्येक बंदरावर असतोच असे नाही. मग पहार आणि घण हाती घेतले जातात. अशा वेळी चाक कित्येकदा निघतेही, परंतु इंजिन निकामी होते. फ्लायव्हील ताकदीच्या उणिवेमुळे अडत नाही. ताकद चुकीच्या जागी लावल्यामुळे अडते. ही गोष्ट ध्यानी घेतली तर लोहाराच्या भात्यावर तयार होणाऱ्या एका लोखंडी तबकडीने हे काम सुरक्षितपणे पार पडू शकते.

फ्लायव्हीलचे कार्य

कुंभार काठीने चाक फिरवितो आणि काठी बाजूला ठेवल्यावरही चाक बराच वेळ फिरत राहते. जड चाकाने साठविलेली गती हीच त्याच्या उपयोगाची. इंजिनातील स्फोट ठरावीक अंतराने होतात. दोन स्फोटांच्या मधल्या काळात क्रँकशाफ्टला फिरते ठेवण्याचे काम फ्लायव्हील करते.

आऊटबोर्ड इंजिनात त्याच्याकडे आणखी एक काम सोपविलेले असते. त्याच्या आतील कडेला कायम चुंबक बसविलेले असतात. खाली स्थिर असलेल्या वेटोळ्यांवरून हे चुंबक वेगाने फिरले की वेटोळ्यांत वीज निर्माण होते. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये शोधलेल्या विद्युत्‌-चुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वाचाच हा उपयोग होय. जुन्या इंजिनांत या विजेचे नियंत्रण संपर्कबिंदू व कंडेन्सर करतात, तर नव्या इंजिनांत इलेक्ट्रॉनिक पेटी करते. ठिणगी नेमक्या क्षणी पडावी यासाठी चुंबक आणि दट्ट्या यांचा मेळ पक्का असावा लागतो. तो राखण्यासाठी क्रँकशाफ्ट आणि फ्लायव्हील यांच्या खाचांत एक लहान अर्धचंद्राकृती चावी बसविलेली असते.

या चाकाचा वेगही लक्षात घ्यावयास हवा. पूर्ण वेगात इंजिनाचे मिनिटाला ५,५०० फेरे होत असतील आणि चाकाचा व्यास २५ सेंटिमीटर असेल, तर त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे २६० किलोमीटर होतो. घणाच्या घावाने तडा गेलेले चाक या वेगाने फिरू लागले तर काय होईल, हे निराळे सांगावयास नको. म्हणून हा विषय केवळ दुरुस्तीचा नाही. होडीत बसलेल्या माणसांच्या जीविताचा आहे.

चाक घट्ट का बसते?

टिकावाचा दांडा एका टोकाला जाड असतो आणि टिकावाचे भोकही त्याच बेताचे निमुळते असते. टिकाव जसजसा वापरावा तसतसे पाते दांड्यावर अधिक घट्ट बसते. क्रँकशाफ्टचे वरचे टोकही असेच निमुळते घडविलेले असते आणि फ्लायव्हीलच्या मध्यभागी त्याच मापाचे निमुळते छिद्र असते. वरून नट आवळला की चाक त्या निमुळत्या भागावर पाचरीसारखे दाबले जाते. कारागीर या भागाला टेपर म्हणतात.

पुष्कळांचा असा समज असतो की चाकाला फिरविण्याचा भार ती लहान चावी वाहते. तसे नाही. चावी फक्त चाकाची जागा ठरविते. भार वाहते ते दोन निमुळत्या पृष्ठभागांमधील घर्षण. हे घर्षण किती मोठे असते ते एका ढोबळ हिशेबाने समजते.

समजा, नट १० किलोग्रॅम-मीटर इतक्या पिळाने आवळला आहे. म्हणजे एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला १० किलोग्रॅम भार दिला आहे. नटाचे आटे १६ मिलिमीटर व्यासाचे असतील तर या पिळामुळे चाक सुमारे ३ टन जोराने खाली दाबले जाते. टेपर १० मिलिमीटर लांबीत १ मिलिमीटर व्यास कमी होण्याइतका असेल आणि पोलादावर पोलादाचे घर्षण नेहमीइतके धरले, तर पृष्ठभागांवरील एकूण दाब या जोराच्या सुमारे पाचपट होतो. नट काढून टाकला तरी हा दाब नाहीसा होत नाही. चाक वर काढण्यासाठी जवळजवळ दीड टन ओढ लागते. त्यात खाऱ्या हवेचा गंज मिसळला की हा आकडा आणखी वाढतो.

दीड टन ओढ दोन हातांनी देता येत नाही, हे उघड आहे. पण १२ मिलिमीटर व्यासाचा एक साधा बोल्ट २५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याने फिरविला, तर पान्याच्या टोकाला सुमारे १५ किलोग्रॅम जोर लावून तेवढी ओढ सहज मिळते. स्क्रू हे एक प्रकारचे गुंडाळलेले उतरण आहे. लहान जोराचे मोठ्या जोरात रूपांतर करण्याची युक्ती त्यात आहे. पुलर नावाच्या अवजारात याहून अधिक काही नाही.

काय करू नये

योग्य रीत पाहण्यापूर्वी रूढ असलेल्या चुकीच्या रीती पारखून घेणे इष्ट ठरेल.

चाकाच्या कडेवर घण मारल्याने कड वाकते, चाकाला सूक्ष्म तडे जातात आणि आतील चुंबक फुटतात किंवा त्यांची पकड सुटते. जोरदार हादऱ्यांनी चुंबकाची शक्तीही क्षीण होऊ शकते. मग चाक निघते, परंतु पुढे ठिणगी मंद पडते आणि दोष भलत्याच भागावर ढकलला जातो.

एकाच बाजूने पहार घालून चाक उचकटणे तितकेच घातक. चाकाखाली तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. पहारेचे टोक त्यांत रुतले की दुरुस्तीचा खर्च कितीतरी पटींनी वाढतो. शिवाय चाक तिरके होऊन टेपरवर अधिकच अडकते.

मोटारगाडीच्या कामातील नख्यांचा पुलर चाकाच्या बाहेरील कडेला अडकविणेही टाळावे. ओढ कडेला आणि अडकाव मध्यभागी, अशा स्थितीत चाक बशीसारखे वाकते. ओढ मध्यभागाच्या शक्य तितक्या जवळ मिळावयास हवी.

नट सैल करताना चाक फिरू नये म्हणून दात्यांमध्ये स्क्रू-ड्रायव्हर अडकविण्याची सवय दिसते. त्याने दाते तुटतात. गॅसच्या ज्योतीने चाक तापविणे तर सर्वथा वर्ज्य होय. जवळपास पेट्रोलची वाफ असते, चुंबक चिकटविणारा पदार्थ वितळतो आणि क्रँकशाफ्टवरील तेलरोधक रबरी कडे जळते.

साधी तबकडी

बहुतेक मध्यम इंजिनांच्या फ्लायव्हीलवर, मधल्या नटाभोवती, आटे पाडलेली तीन भोके असतात. ती पुलरसाठीच ठेवलेली असतात. या भोकांचा उपयोग करणारी तबकडी पुढीलप्रमाणे बनवावी.

१२ मिलिमीटर जाडीच्या साध्या पोलादी पट्टीचा सुमारे ९ सेंटिमीटर व्यासाचा गोल अथवा त्याच मापाचा चौकोनी तुकडा घ्यावा. जाड कागद फ्लायव्हीलवर ठेवून बोटाने दाबला की तीन भोकांचे आणि मध्याचे ठसे उमटतात. तो कागद पोलादावर चिकटवून केंद्रे ठोकून घ्यावीत. तीन भोके फ्लायव्हीलच्या बोल्टपेक्षा एक-दीड मिलिमीटर मोठी पाडावीत, म्हणजे मापातील किंचित फरक सामावला जातो. मधोमध १२ मिलिमीटरच्या बोल्टसाठी १३ मिलिमीटरचे भोक पाडावे.

या मधल्या भोकाला त्याच मापाचा नट तबकडीच्या खालच्या बाजूने वेल्डिंग करून जोडावा. तो वरच्या बाजूला जोडण्याची चूक अनेकदा होते. बोल्ट क्रँकशाफ्टला खाली रेटतो तेव्हा नट वर रेटला जातो. नट खालच्या बाजूला असेल तर तो रेटा संपूर्ण तबकडी घेते आणि वेल्डिंगला फक्त नट फिरू न देण्याचे काम उरते. नट वर असेल तर दीड-दोन टनांचा सगळा भार वेल्डिंगवर येतो.

बाजूच्या तीन बोल्टांचे आटे फ्लायव्हीलच्या आट्यांशी तंतोतंत जुळावयास हवेत. जुन्या अमेरिकी इंजिनांत इंचाच्या मापाचे, तर जपानी इंजिनांत मिलिमीटरच्या मापाचे आटे आढळतात. बोल्ट हाताने सहज फिरला नाही तर तो चुकीचा आहे असे समजावे. पान्याने दामटू नये. बोल्ट उत्तम प्रतीच्या पोलादाचे असावेत आणि त्यांची लांबीही मोजून घ्यावी. आट्यांत ते निदान आपल्या व्यासाइतके खोल जावेत, परंतु चाकाच्या खाली बाहेर पडू नयेत; अन्यथा ते खालच्या वेटोळ्यांना भिडतात.

चाक धरून ठेवण्यासाठी निराळी पट्टी करावी. अर्धा मीटर लांबीच्या जाड लोखंडी पट्टीच्या एका टोकाजवळ फ्लायव्हीलच्या दोन भोकांशी जुळणारी दोन भोके आणि त्यांच्यामध्ये नटाचा पाना फिरू शकेल असे मोठे भोक पाडले, की ती पट्टी दोन बोल्टांनी चाकाला जोडता येते. एकाने पट्टी धरावी आणि दुसऱ्याने नट सोडवावा. दात्यांना, कडेला किंवा आतील भागांना कोणताही धक्का लागत नाही. पट्टी नसल्यास जाड कॅनव्हासचा पट्टा चाकाभोवती आवळून त्याला लाकडी दांडा जोडूनही लहान इंजिनांचे काम भागते.

प्रत्यक्ष कृती

पूर्वतयारी : इंजिन होडीवरून उतरवून भक्कम लाकडी घोडीवर उभे बांधावे. इंधनाची टाकी दूर न्यावी. बॅटरी असल्यास तिची जोडणी सोडवावी आणि सर्व स्पार्क प्लग काढून घ्यावेत. प्लग काढल्याने इंजिन अचानक सुरू होण्याची भीती राहत नाही आणि चाक हाताने हलके फिरते. गीअर तटस्थ ठेवावा. वरचे झाकण व दोरीचा स्टार्टर सोडवून बाजूला ठेवावा; स्टार्टरच्या आतील गुंडाळलेली स्प्रिंग मात्र उघडू नये. ती उसळून डोळ्यांना इजा करू शकते. निघालेला प्रत्येक बोल्ट क्रमाने थाळीत मांडावा.

नट सैल करणे : नटाच्या मापाचा, सहा बाजूंनी पकड घेणारा पाना वापरावा. तिरपी पकड घेणाऱ्या समायोज्य पान्याने नटाचे कोन झिजतात. बहुतेक इंजिनांचा नट घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सुटतो. तरी आट्यांचा कल पाहून खात्री करून घ्यावी. नट पूर्णपणे काढू नये. त्याचा माथा क्रँकशाफ्टच्या टोकाशी समपातळीत येईल इतकाच तो सैल करावा. यामुळे दोन गोष्टी साधतात : क्रँकशाफ्टच्या आट्यांना संरक्षण मिळते आणि टेपर सुटताक्षणी उसळणारे चाक नटाला अडून राहते.

तेल मुरविणे : नट आणि शाफ्ट यांच्या सांध्यावर गंज सोडविणाऱ्या तेलाचे काही थेंब सोडून तासभर वाट पाहावी. तेल वेटोळ्यांवर ओघळू देऊ नये.

तबकडी बसविणे : तीन बोल्ट हाताने फिरवून सारख्या खोलीपर्यंत बसवावेत. चारही बाजूंनी पाहून तबकडी चाकाला समांतर आहे याची खात्री करावी. मधला बोल्ट क्रँकशाफ्टच्या टोकावर मध्यभागी टेकावा. त्याच्या टोकाशी पितळेचा लहान जाड तुकडा ठेवल्यास शाफ्टचे टोक ठेचले जात नाही.

ओढ देणे : मधला बोल्ट पाव-पाव फेरा फिरवावा. सुरुवातीला तबकडी ताण घेते आणि नंतर बोल्ट जड होतो. या अवस्थेत थांबावे आणि मधल्या बोल्टच्या डोक्यावर लहान हातोडीची एक हलकी, सरळ टिचकी द्यावी. दाब आधीच असल्यामुळे हा अल्पसा हादरा टेपर सोडविण्यास बहुधा पुरतो. ‘टक्‌’ असा आवाज होऊन चाक नटावर येऊन टेकते. आता तबकडी व नट काढून चाक सरळ वर उचलावे. ते उचलताना चावी खाली पडून हरवण्याचा संभव असतो. तिच्याकडे लक्ष ठेवावे.

चाक न निघाल्यास : पान्याला पाइप जोडून जोर वाढविण्याचा मोह आवरावा. बोल्ट ताणलेल्या स्थितीत ठेवून, पुन्हा तेल सोडून, रात्रभर थांबावे. पुष्कळदा सकाळी चाक आपोआप सुटलेले आढळते. स्टीलचे दोन पेले एकमेकांत अडकले की बाहेरच्या पेल्याला गरम पाण्यात धरतात. तोच उपाय येथेही योजता येतो. गरम पाण्यात भिजवून पिळलेले फडके चाकाच्या मध्यभागाभोवती, नटाच्या सभोवार, काही मिनिटे दाबून धरावे आणि लगेच बोल्ट पाव फेरा फिरवावा. पाणी खाली ठिबकू देऊ नये. दोन-तीन प्रयत्नांनंतरही चाक हलले नाही तर इंजिन कार्यशाळेत न्यावे. थांबण्याची वेळ ओळखणे हाही कौशल्याचाच भाग आहे.

भोके नसलेली लहान इंजिने

काही लहान इंजिनांच्या फ्लायव्हीलवर पुलरसाठी भोके नसतात. तेथे दोन माणसांनी मिळून हादऱ्याची रीत वापरता येते. परंतु ती मर्यादेतच. नट वर सांगितल्याप्रमाणे शाफ्टच्या टोकाशी समपातळीत ठेवावा. एकाने दोन्ही हातांनी चाक धरून इंजिनाचा भार त्यावर येईल इतपत वर उचलावे. दुसऱ्याने नटावर पितळेचा तुकडा ठेवून हातोडीचा एकच नेमका, सरळ घाव घालावा. चाक वर ओढले जात असताना शाफ्टला खाली हादरा मिळतो आणि टेपर सुटतो. घाव तिरका असता कामा नये. दोन-तीन घावांत काम झाले नाही तर ही रीत सोडून द्यावी. अनेक लहान इंजिनांचे क्रँकशाफ्ट वेगवेगळे भाग दाबून जोडलेले असतात. वारंवार घाव घातल्याने त्यांची सरळ रेषा बिघडते आणि बेअरिंग लवकर झिजतात.

मोठ्या अश्वशक्तीच्या, संगणकीय नियंत्रणाच्या इंजिनांवर यांपैकी कोणताही प्रयोग गावपातळीवर करू नये.

पुन्हा बसविताना

चाक उतरविण्यापेक्षा ते नीट बसविणे अधिक महत्त्वाचे आहे. कारण त्यातील चूक बंदरात दिसत नाही, ती समुद्रात प्रगट होते.

शाफ्टचा टेपर आणि चाकाचे छिद्र स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसून काढावे. उतरविताना सोडलेल्या तेलाचा मागमूसही राहू नये. भार घर्षणावर पेलला जातो, हे एकदा समजले की टेपरला वंगण का लावावयाचे नाही हे निराळे शिकवावे लागत नाही. गंज रोखण्याच्या सद्हेतूने लावलेला ग्रीसचा थर हा चाक सैल होण्यास कारण ठरतो. चुंबकांना चिकटलेला लोखंडी कीस, वॉशर किंवा खिळा तपासून काढावा. चाकाच्या मध्यभागी आणि खाचेच्या कोपऱ्यांत तडे आहेत काय, हे उजेडात पाहावे. तडा दिसल्यास चाक बाद करावे. त्यावर वेल्डिंग करू नये.

टेपर सर्वत्र सारखा टेकतो की नाही हे पाहण्याची सोपी परीक्षा आहे. शाफ्टच्या निमुळत्या भागावर शाईचा अगदी पातळ हात फिरवावा, चावी न घालता चाक अलगद बसवून काढावे आणि छिद्रात उमटलेला ठसा पाहावा. ठसा सभोवार सारखा असेल तर बैठक चांगली आहे. तो एका बाजूलाच किंवा तुटक उमटला तर अनुभवी कारागिराकडून पृष्ठभाग घासून जुळवून घ्यावेत. परीक्षेनंतर शाई पुसून टाकावी.

चावी कापली गेली असल्यास तिच्या जागी खिळा अथवा करवतीच्या पात्याचा तुकडा घालणे हा धोक्याचा जुगार होय. चावी किंचित सरकली तरी ठिणगीची वेळ चुकते. इंजिन सुरू होत नाही किंवा दोरी ओढणाऱ्याच्या हाताला उलटा हिसका देते. त्याच कंपनीची, त्याच मापाची चावी घालावी. ती कापली का गेली याचाही शोध घ्यावा. नट सैल राहिला असेल, टेपरला तेल लागलेले असेल किंवा पंखा खडकावर आदळला असेल. कारण दूर न करता घातलेली नवी चावीही फार दिवस टिकत नाही.

शेवटी नट पुस्तिकेत दिलेल्या पिळाने आवळावा. पीळ मोजणारा पाना नसेल तर साध्या ताणकाट्याने काम भागविता येते. नटाच्या मध्यापासून अर्धा मीटर अंतरावर पान्याला काटा अडकवून, पान्याशी काटकोनात २० किलोग्रॅमपर्यंत ओढले, तर १० किलोग्रॅम-मीटर पीळ मिळतो. पुस्तिकेत न्यूटन-मीटर हे माप दिले असल्यास त्याला ९.८ ने भागावे. पहिल्या काही तासांच्या वापरानंतर नट पुन्हा एकदा तपासावा.

गावाने काय करावे

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हा यांत्रिक मासेमारीच्या बंदीचा काळ असतो. किनाऱ्यावरील देखभालीची कामे बहुधा याच दिवसांत होतात. मच्छीमार सहकारी संस्थांनी आपल्या सभासदांकडे असलेल्या इंजिनांच्या प्रकारांची यादी करून प्रत्येक प्रकारासाठी एक तबकडी, एक धरपट्टी आणि योग्य बोल्टांचा संच तयार करून ठेवावा. तबकडीवर इंजिनाचे नाव व बोल्टचे माप छिन्नीने कोरावे. संच नोंदवहीत सही घेऊन द्यावा आणि परत घ्यावा. इंजिनाची पुस्तिका ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तिच्यातील पिळाचे व मापांचे आकडे मराठीत फलकावर लिहून लावणे हे काम तर एका दुपारचे आहे.

पूरप्रवण नदीकाठच्या ग्रामपंचायतींची अडचण निराळी असते. तेथील बोट वर्षाचे दहा-अकरा महिने गोदामात पडून राहते. वापराविना राहिलेल्या इंजिनाच्या टेपरवर गंज चढतो, संपर्कबिंदूंवर थर जमतो आणि नेमक्या गरजेच्या रात्री ठिणगी पडत नाही. पुराचे पाणी वेशीला लागल्यावर फ्लायव्हील उतरविण्याचा विचार करणे व्यर्थ होय. मे महिन्यात इंजिन प्रत्यक्ष पाण्यात चालवून पाहावे, ठिणगी तपासावी, आवश्यकता भासल्यासच चाक उतरवावे आणि केलेल्या कामाची तारीख नोंदवावी. दरमहा एकदा इंजिन काही मिनिटे चालविण्याची जबाबदारी ठरावाने एका व्यक्तीकडे सोपवावी. इंजिन कोरडे मात्र कधीही चालवू नये. थंड करणारे पाणी न मिळाल्यास त्याचा पंप लवकर खराब होतो.

शिक्षकांना या विषयात पाठ्यपुस्तकातील अनेक प्रकरणे एकत्र आढळतील. पाचर, स्क्रू, घर्षण, उष्णतेने होणारे प्रसरण, चुंबक व वीज ही सारी तत्त्वे एकाच चाकाभोवती गोळा झालेली आहेत. मच्छीमारांच्या वस्तीतील शाळेने एखादे निकामी इंजिन मिळविले तर विद्यार्थ्यांना ही तत्त्वे हाताने अनुभवता येतील. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत फिटरचा अभ्यासक्रम शिकणाऱ्यांना तबकडी घडविणे हा मापन, भोके पाडणे आणि आटे जुळविणे यांचा उत्तम सराव ठरेल. अशा रीतीने बनलेली अवजारे जवळच्या सहकारी संस्थेला दिली, तर प्रशिक्षणाचा उपयोग थेट बंदरापर्यंत पोहोचेल.

तीन भोकांची एक पट्टी, चार भोकांची एक तबकडी आणि चार बोल्ट एवढीच ही सामग्री आहे. तिच्यामुळे एखाद्या कुटुंबाचे हंगामातील काही दिवस वाचतील. तिच्यासोबत नोंदवही, मे महिन्यातील तपासणी आणि थांबण्याची समज असेल तर पुराच्या रात्री बोटीची दोरी ओढणाऱ्याला इंजिन पहिल्या-दुसऱ्या हिसक्यालाच साथ देण्याची शक्यता पुष्कळ वाढेल.